ताईंच्या मांडीवर

घडीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत ती कामाला होती, आणि धुतलेली चादर तिच्या हाताखालून गेली की कोपऱ्याला कोपरा असा जुळायचा की पाहत राहावं. म्हणून तिथल्या पोरी तिला घडीबाई म्हणायला लागल्या आणि ते नाव असं चिकटलं की मॅनेजरही तीच हाक मारायचा. तिला त्याचा राग नव्हता. राग करायला तिच्याकडे दुसऱ्या भरपूर गोष्टी होत्या, आणि त्यात पहिला नंबर होता तिच्या नणंदेचा.

पण आधी तिच्या नाकाबद्दल सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्या नाकापाशी येऊन थांबते. टॉवेल मशीनमधून निघून वाळून आला की घडीबाई तो नाकाशी धरायची. अत्तर, सिगारेट, घाम, कुणाच्या तान्ह्याने ओकलेल्या दुधाचा आंबूसपणा, काही म्हणून उरलेलं तिला खपत नसे. "पुन्हा टाक," एवढंच म्हणायची, की टॉवेल परत उकळत्या पाण्यात. नव्या पोरी कुरकुरल्या तर त्यांना समजावायची, "बाई गं, इथे रात्री झोपलेला माणूस सकाळी निघून जातो. मागून येणाऱ्याला असं वाटलं पाहिजे की या गादीवर आजवर कोणी पाठच टेकली नाही. नुसता मळ काय कोणीही काढेल."

हॉटेलात हे ठीकच होतं. पण बाईने तोच कायदा घरीही लावलेला. उशीचा अभ्रा दोन रात्री पाहत नसे. नवरा बेकरीची गाडी चालवायचा. घरी येऊन त्याने शर्ट खुंटीला अडकवला की पाठ वळायच्या आत शर्ट बादलीत. "एक दिवस मलाही पिळून दोरीवर टाकशील," तो म्हणायचा. "टाकलं असतं, पण तुमचा रंग जाईल," असं तिचं उत्तर ठरलेलं. ती स्वतः तर लाँड्रीतून निघण्याआधी तिथल्याच गरम पाण्याने आंघोळ करायची, धुतलेले कपडे घालायची आणि मग घरची वाट धरायची. दारात उभी राहिली की अंगाला कसलाच वास नाही, असलाच तर साबणाचा.

अशा बाईच्या घरात मांजर आलं कसं म्हणाल, तर तेही लाँड्रीतूनच आलं. मळक्या चादरींची ट्रॉली मशीनमध्ये रिकामी करताना एका चादरीत काहीतरी वळवळलं. मुठीत मावेल एवढं राखाडी पिल्लू, डोळे जेमतेम किलकिले झालेले. मागच्या आवारात कुठली तरी मांजरी व्याली असणार आणि तिने जागा बदलताना एक पिल्लू ट्रॉलीत ठेवलं असणार. अजून एक झटका आणि ते चादरीबरोबर उकळत्या पाण्यात गेलं असतं. घडीबाईने इकडेतिकडे पाहिलंही नाही. अंगातल्या स्वेटरची बटणं काढली, पिल्लू आत सरकवलं आणि बटणं लावून टाकली. चादरीच्या बोळ्यात चिंधीसारखं सापडलं म्हणून नाव पडलं चिंधी.

त्याच सुमारास तिचा एकुलता एक मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला होता. त्याची खोली ती रोज झाडायची, पुसायची आणि दार ओढून घ्यायची. थंडी चांगली कडक होती. तिने साठलेली रजा काढली आणि दिवसच्या दिवस ते पिल्लू स्वेटरच्या आत, पोटाशी घेऊन वावरली. ड्रॉपरने दूध पाजायची, निम्मं स्वेटरवर सांडायचं. भाजी चिरताना आतून घुरघुर चालायची. स्वेटर अंगातून काढला की पिल्लू रडून घर डोक्यावर घ्यायचं, त्यामुळे तो धुवायची सोयच नव्हती. अख्ख्या घरात न धुतलेली वस्तू तेवढी एकच. "स्वेटरला माफी आणि आम्हाला नाही," नवरा नाक मुरडायचा. ती कानाडोळा करायची. खरं सांगायचं तर त्या थंडीत ती इतकी सुखात होती की मुलाचा फोन यायला उशीर झालेलाही तिला कळत नसे.

मग पिल्लू मोठं झालं, रजा संपली. स्वेटर कोपरांवर फाटला होता, तो टाकायचाच म्हणून न धुताच बाल्कनीतल्या चिंध्यांच्या पोत्यात गेला. चिंधीचं अंथरूण घडीबाई दिवसाआड धुवायला लागली. दाराच्या चौकटीला चिंधी येताजाता गाल घासायची, तिथे तपकिरी डाग पडायचा. तो साबण लावून खरवडायची. मांजरीचं इतकं कोडकौतुक आपल्यासारखं कोणी करत नसेल, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

आणि मग ताई आल्या.

ताई म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. जन्म सगळा टेलिफोनच्या ऑफिसात लोकांचे फोन जोडून देण्यात गेला, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्या आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चार दिवस भावाकडे पडते म्हणाल्या, त्या मुलाच्या खोलीत राहिल्या त्या राहिल्याच. आवाज अजून तसाच, शब्दाशब्दात साखर पेरलेली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या आणि तिथूनच जग जिंकायच्या. दूधवाला, जो घडीबाईला कधी मान वर करून बोलला नाही, तो ताईंना स्वतःच्या बहिणीच्या सासूची भांडणं सांगत उभा राहायचा. शेजारीण येऊन ताईंच्या हाताला तेल लावून जायची.

नवऱ्याचं तर विचारूच नका. इतकी वर्षं बेकरीतून तो घरी आणायचा तो विकून उरलेला पाव, कालचा असो की परवाचा. आता पहिल्या फेरीतला गरम पाव कागदात गुंडाळून येऊ लागला, का, तर "ताईला गरम लागतो." मला काय थंड लागतो का, हे वाक्य घडीबाईच्या जिभेवर रोज यायचं आणि रोज ती ते गिळायची. मुलाचा फोन आला की, "आई, बरी आहेस ना? आत्याला दे जरा." आणि मग आत्या-भाचे खिदळत बसायचे. घडीबाई आत जाऊन नसलेली भांडी घासायची. तिच्या पोटात दुखायचं. बोलायचं म्हणून नव्हे, खरोखर दुखायचं, डाव्या बरगडीखाली, बोट ठेवून दाखवता येईल असं.

एकटी चिंधी तेवढी ताईंना बधली नाही. ताई "ये गं, ये गं माझी बाय ती" करून दमल्या, चमच्याने साय दाखवून पाहिली. चिंधी ढुंकून बघत नव्हती. "तिला परक्या माणसांची सवय नाही, ताई," घडीबाई म्हणायची, आणि 'परक्या'वर असा काही जोर द्यायची की भिंतीलाही समजावं. नवरा गेला ताईंकडे, मुलगा गेला, दूधवाला गेला. जाऊ देत. हे एक जनावर माझं आहे आणि माझंच राहणार, असं तिने मनाशी पक्कं धरलेलं.

एका संध्याकाळी ती कामावरून आली तर चिंधी ताईंच्या मांडीवर.

नुसती बसलेली असती तर एक वेळ चाललं असतं. डोळे मिटून, पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने दाबत, कणीक मळावी तशी ती ताईंची मांडी मळत होती. घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती. मांडीवर काहीतरी पसरलेलं होतं. घडीबाईने पाहिलं, तिचाच तो जुना तपकिरी स्वेटर.

"गुडघा गार पडतो गं," ताई म्हणाल्या. "तुझ्या टाकाऊ पोत्यातून घेतला. चालेल ना?"

"घ्या की," घडीबाई म्हणाली. स्वेटरचं तिला काय. तिची नजर त्या पंजांवरून हलत नव्हती.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. दार उघडलं की चिंधी शेपटी उभी करून यायची, घडीबाईच्या घोट्यांना एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने गाल घासायची, शेपटी पायाभोवती गुंडाळायची. आणि घडीबाईने दूध ओतून दिलं की दोन घोट पिऊन सरळ खिडकीजवळ, ताईंच्या मांडीवर. "मतलबी आहेस," घडीबाई पुटपुटायची. "दुधापुरती मी, आणि लाड करून घ्यायला त्या." घोट्यांना मांजराचे केस लागलेले असायचे, ती लगेच मोरीत जाऊन पाय साबणाने धुऊन टाकायची.

तिने प्रयत्न काही कमी केले नाहीत. आधी वाटलं, खाण्याचा प्रश्न असेल, म्हणून मासे आणले. चिंधीने मासे खाल्ले, मिशा पुसल्या आणि ताईंकडे गेली. मग वाटलं, बसायचा प्रश्न असेल. ती धुतलेल्या गाऊनवर धुतलेला पंचा घालून जमिनीवर मांडी घालून बसली. चिंधी जवळ आली, पंचा हुंगला, शिंकली आणि निघून गेली. मग वाटलं, ताईंच्या पावडरचा वास तिला आवडत असेल. एका रविवारी ताई आंघोळीला गेल्यावर घडीबाईने त्यांची पावडर हाताला, गळ्याला, मांडीला चोपडली. नवरा आत आला, वास घेऊन म्हणाला, "ताई, पाणी गरम होतं ना?" आणि बायकोला पाहून जागच्या जागी थांबला. शेवटी तिने चिंधीला उचलून जबरदस्तीने मांडीवर दाबून धरलं, तर मनगटावर ओरखडे मिळाले.

"तुझ्याकडे बूड टेकायला वेळ कुठे असतो?" नवऱ्याने समजूत काढली. "तिला स्वस्थ बसलेलं माणूस लागतं. ताई बसलेली असते."

"हो, ताई बसलेल्याच असतात," ती म्हणाली. "मी उभी असते म्हणून त्यांना बसता येतं."

हे ताईंना ऐकू गेलं असावं. त्या मांडीवरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. घडीबाईला त्या हाताची सुद्धा चीड आली, तो किती सावकाश फिरतो याची.

आणि तो स्वेटर. कोपरांवर फाटलेला, दुधाचे डाग पडून कडक झालेला, केसांनी भरलेला. घरात असली वस्तू म्हणजे घडीबाईच्या डोळ्यात कुसळ. "ताई, द्या तो, धुऊन देते," ती दर दोन दिवसांनी म्हणायची. बाकी साड्या, चादरी, रुमाल, ताई मागायच्या आत काढून द्यायच्या. स्वेटर म्हटलं की, "राहू दे गं. ऊब आहे त्याला." धुतल्याने ऊब जाते हे घडीबाईने पहिल्यांदाच ऐकलं. पण तिने आडाखा बांधला: या बाईला माहीत आहे की मला घाण खुपते. मला खिजवायला घेऊन बसते. एका मांडीवर माझं मांजर आणि त्याच मांडीवर माझ्या नाकावर टिच्चून ती घाण.

ज्या दिवशी नवरा ताईंना गुडघा दाखवायला दवाखान्यात घेऊन गेला, त्या दिवशी तिने खुर्चीवरचा स्वेटर पिशवीत टाकला आणि कामावर नेला. लोकर उकळत्या पाण्यात घालायची नसते, हे लाँड्रीतल्या कालच्या पोरीलाही ठाऊक असतं. घडीबाईला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तिने तो चादरींच्या मशीनमध्ये टाकला, पूर्ण गरम, वर डाग काढायचं औषध. काचेतून तो गरगर फिरताना तिने उभं राहून पाहिला. निघाला तेव्हा आटून एखाद्या पोराच्या मापाचा झाला होता, पुठ्ठ्यासारखा. तिने नाकाशी धरला. कसलाही वास नव्हता. अशी घडी घातली की शोकेसमध्ये ठेवावी, आणि घरी येऊन ती घडी ताईंच्या खुर्चीवर बरोबर मधोमध ठेवली.

ताई आल्या. घडी उचलली, उलगडली, पाहिली. घडीबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. दोन शब्द तरी बोलतील, आपल्यालाही मग चार ऐकवता येतील. ताईंनी स्वेटर मांडीवर ठेवला. तो आता एकाच गुडघ्याला पुरत होता.

चिंधीने नेहमीसारखी उडी मारली. पंजा उचलला आणि तसाच ठेवला. स्वेटर हुंगला. बाही नाकाने उलटवून आतून हुंगली. मग उतरली. खुर्चीखाली हुंगली, सोफ्याखाली, बाल्कनीत जाऊन चिंध्यांचं पोतं उकरलं. एक बारीक, लांबलचक आवाज काढला, लहान असताना काढायची तसा. आणि पलंगाखाली जाऊन भिंतीला चिकटून बसली.

रिकामी मांडी बघून घडीबाईला जो आनंद झाला तो लपवायलाही तिला जमेना. पोळीवर तूप जरा जास्तच पडलं त्या दिवशी. आता फार तर उद्या चिंधी आपल्याकडे येईल, असा तिचा हिशेब.

उद्या आला आणि गेला. चिंधी पलंगाखालीच. दुसऱ्या संध्याकाळी घडीबाई दारात आली तर घोट्यांना कोणी गाल घासायला आलं नाही. ती चपला हातात धरून उंबऱ्यातच थांबली, उगीचच, कोणीतरी येईल म्हणून. दुधावर साय धरली. मासे तसेच पडून राहिले. तिसऱ्या दिवशी चिंधीने आपल्या नुकत्याच धुतलेल्या अंथरुणावर घाण केली, जी कधी केली नव्हती, आणि पोटावरचे केस चाटून चाटून तिथे टक्कल पाडलं. ताई खुर्चीतून हाका मारत होत्या, घडीबाई जमिनीवर आडवी होऊन पलंगाखाली हात घालत होती, आणि चिंधी दोघींपैकी कोणाचीच नव्हती. ताईंकडे जात नाही याचं आता बरं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. माझ्या हातून हे मरतंय की काय, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

टोपलीत घालून तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. नवऱ्याने गाडीतून सोडलं आणि तो राहिलेल्या दुकानांना पाव पोचवायला पुढे गेला. काठी टेकत ताईही आल्या. नको म्हटलं तरी आल्या.

डॉक्टरीणबाईंनी चिंधीला पोटापासून दातापर्यंत तपासलं. "आजार काही दिसत नाही. घरात काही बदललं का? सामान, माणसं?"

घडीबाईने ताईंकडे पाहिलं. आता या बोलणार.

"नाही हो," ताई म्हणाल्या. "जसं होतं तसंच आहे."

घडीबाईला ते पाठीशी घालणं सहन झालं नाही. उपकार घ्यायचे आणि तेही या बाईचे? "मी धुतलं," ती म्हणाली. "ती ज्यावर बसायची ते धुतलं."

"बाकीचं काय काय धुता?"

घडीबाईने सांगितलं. अंथरूण, अभ्रे, चौकट, पाय. सांगताना नेहमी वाटायचा तो अभिमान आज कुठे गेला कुणास ठाऊक.

"मांजर गाल घासतं ना, ते दुधासाठी घासतं असं सगळ्यांना वाटतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दूध हवं असतंच, पण तेवढंच नाही. गालापाशी, शेपटीपाशी तिचा स्वतःचा वास असतो. चौकटीला लावते, तुम्हाला लावते. घरातल्या सगळ्यांना एक वास असला की तिला कळतं, ही आपली माणसं. तुम्ही बाहेरून येता तेव्हा तो वास गेलेला असतो. म्हणून दारातच पुन्हा लावते."

"आणि लावलेला धुतला तर?"

"तर दुसऱ्या दिवशी पुन्हा."

घडीबाईने टोपलीची कड घट्ट धरली. मोरीतला साबण, खसाखसा घासलेले घोटे, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तरी जो खरा प्रश्न होता तो अजून पोटातच होता. तिने तो विचारला. "आणि पंजांनी मळते, ते?"

"पिल्लं आईच्या पोटावर तसं करतात, दूध यावं म्हणून. मोठेपणीही ज्या जागी त्यांना आईपाशी असल्यासारखं वाटतं, तिथे करतात."

झालं. सगळं ऐकून घेता आलं असतं, हे नाही. बाहेरच्या बाकावर दोघी नवऱ्याच्या गाडीची वाट बघत बसल्या. टोपली घडीबाईच्या मांडीवर होती आणि बरगडीखाली असं दुखत होतं की श्वास पुरेना.

"म्हणजे ती तुम्हाला आई समजते," ती म्हणाली. आवाज चिरकला, तरी थांबली नाही. "ड्रॉपरने मी पाजलं. रजा मी काढली. घरात मुलगा तुमचा, भाऊ तुमचा, दारावर येणारा दूधवालासुद्धा तुमचा. मी एक मांजर मागितलं होतं, ताई. तेही तुम्हाला आई म्हणतं."

ताईंनी काठीच्या मुठीवर अंगठा घासला.

"माझ्याकडे ती एकदाही आली नाही," त्या म्हणाल्या. नेहमीची साखर आवाजात नव्हती. "महिनाभर घसा कोरडा केला मी. तू कामावर गेलीस की ती बाल्कनीत त्या पोत्यात जाऊन निजायची, तुझ्या स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून. तू यायच्या वेळेला बरोबर उठून दारात. मी रोज बघायचे. मग एक दिवस मी तो स्वेटरच काढून मांडीवर घेतला. आली लगेच."

घडीबाईने टोपलीवरून मान वर केली.

"तिने मांडी माझी कधी मळलीच नाही गं. तुझ्या पोटावर बसायची ती. मी नुसती खुर्ची होते."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू स्वेटर नेला असतास," ताई म्हणाल्या. "मग माझ्या मांडीवर काय उरलं असतं? भावाचा संसार आहे, तो तुझा आहे. भाचा फोनवर हसतो आणि ठेवताना म्हणतो, आईला सांभाळ. मला तुझा हेवा वाटायचा. रोज संध्याकाळी ती दाराकडे पळाली की वाटायचं."

गाडी आली. नवऱ्याने दोघींची तोंडं पाहिली, मांजराला काही झालं असं समजला आणि घरापर्यंत गाडी जपून चालवली.

घडीबाईने त्या दिवशी कपाटातून दुसरा स्वेटर काढला, करडा, बटणांचाच. तो ती रोज घरी घालायला लागली आणि धुवायचा म्हणून हात शिवशिवले की हात काखेत दाबून बसायची. चौकटीचा डाग तिने सोडून दिला. संध्याकाळी दारात आली की हलायची नाही. पहिल्यांदा तर नुसतीच उभी राहून आत यावं लागलं. मग एकदा पलंगाखालून डोकं बाहेर आलं. मग एका संध्याकाळी घोट्याला गाल लागला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि घडीबाई चिंधीचं पुरं होईपर्यंत तशीच थांबली, हातात पिशवी, मागे दार सताड उघडं. त्या दिवशी ती मोरीकडे गेली नाही.

काही दिवसांनी चिंधी तिच्या मांडीवर चढली. करडा स्वेटर हुंगला, दोनदा गोल फिरली आणि पंजे दाबायला लागली. घडीबाईने श्वाससुद्धा जपून घेतला. इतकी वर्षं कशासाठी तरी उभी असलेली बाई, भाजी गॅसवर लागेपर्यंत बसून राहिली.

मान वर केली तेव्हा समोर ताई होत्या. खिडकीजवळच्या खुर्चीत, एका गुडघ्यावर तो आटलेला स्वेटर घेऊन त्या बघत होत्या. पंजांकडे बघत होत्या. तो चेहरा घडीबाईच्या चांगला ओळखीचा होता. तो किती दिवस ती स्वतःच वागवत होती. तेव्हा तिला फार गोड वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. अख्खी संध्याकाळ गोड वाटलं. सकाळी उठल्यावर तितकं गोड राहिलं नव्हतं.

कामावर निघताना तिने करडा स्वेटर अंगातून काढला. दाराशी गेली, परत आली, पुन्हा दाराशी गेली. शेवटी खुर्चीपाशी जाऊन तो ताईंच्या मांडीवर टाकला. घडी न घालता, नुसता बोळा.

"गुडघ्याला," ती म्हणाली. "धुतलेला नाही. धुवायचाही नाही."

संध्याकाळी ती आली तेव्हा चिंधी दारात होती. सावकाश घोटे घासून घेतले, शेपटी गुंडाळून घेतली, दोन घोट दूध प्यायली, आणि तिच्यादेखत खिडकीकडे चालत जाऊन ताईंच्या मांडीवर उडी मारली. करड्या स्वेटरवर पंजे चालू झाले, घुरघुर सुरू झाली. घडीबाईच्या डाव्या बरगडीखाली दुखलं, जसं दुखायचं तसंच.

ताईंनी मांजराला हात लावला नव्हता. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून त्या हळू म्हणाल्या, "आली बघ तुझ्याकडे."